कोकणच्या सड्यावर सिलोमीटर: एकभिंगी घ्यावा की दुनळी?

किनाऱ्याजवळ सिलोमीटर, म्हणजे लेझर वर सोडून ढगाच्या तळाची उंची मोजणारं यंत्र, बसवायचा विषय निघाला की बोलणं पल्ल्यावर जातं. साडेसात किलोमीटर पुरेल की पंधरा लागतील? कोकणापुरतं बोलायचं तर हा प्रश्न मागाहूनचा. लेझर सोडणारं आणि परत आलेला प्रकाश टिपणारं भिंग एकच आहे, की शेजारी-शेजारी दोन नळ्या आहेत, हे आधी विचारा. रत्नागिरीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, थेट खाऱ्या वाऱ्यात, मी दोन्ही चालवले आहेत. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण मुद्दा रचनेचा आहे.

दुनळीची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. या प्रकारात १०६४ नॅनोमीटरचा लेझर मिळतो आणि हवेतली वाफ त्याला जवळजवळ हात लावत नाही. एकभिंगी यंत्रं बहुतेक ९१०च्या आसपास चालतात, आणि तिथे वाफ थोडा प्रकाश गिळतेच. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ, धूर, समुद्री मिठाचे कण यांचं प्रमाण अभ्यासायचं असेल तर ही दुरुस्ती करत बसावं लागतं. वरचे विरळ तंतुमेघही दुनळी छान पकडतो. पण नुसता ढगाचा तळ हवा असेल तर वाफेचा बाऊ करू नये. उंची निघते ती प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून, एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर या हिशेबाने. परतलेला प्रकाश फिका झाला म्हणून वेळ बदलत नाही.

आता माझं घोडं अडलं ते कुठे. दोन टॉर्च शेजारी धरून वर मारले तर त्यांचे झोत काही अंतर गेल्यावरच एकमेकांत मिसळतात. दुनळीत लेझरचा झोत आणि दुसऱ्या नळीचं दृष्टिक्षेत्र यांचं असंच होतं. खालच्या काहीशे मीटरमध्ये यंत्राला अर्धवटच दिसतं. ही कसर भरून काढायला कारखान्यातून त्या-त्या यंत्रासाठी दुरुस्तीचं कोष्टक भरून येतं. कागदावर सगळं ठीक. पण पेटी तापली की आतली जुळणी केसभर हलते आणि कोष्टक तसंच राहतं. एप्रिल-मेच्या दुपारी कातळ तापला की कोणत्या उंचीवरून किती प्रकाश परतला ते दाखवणाऱ्या आमच्या रंगीत आलेखावर खालच्या थरात एक फिकट पट्टा उमटायचा. आकाश निरभ्र, आणि पट्टा रोज साधारण त्याच उंचीवर! यंत्र त्याला ढग म्हणायचं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पाहणारा प्रत्येक जण विचारायचा, "अहो, हे काय?" खरं धुकट आणि हा पट्टा वेगळे कसे ओळखायचे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिवाय कोकणात महत्त्वाचं सगळं त्याच खालच्या थरात घडतं. जुलैत सड्यावरून धावणारे फाटके ढग दोन-तीनशे मीटरवर असतात, कधी त्याहून खाली. तिथेच यंत्राची नजर कोष्टकाच्या भरवशावर असावी, हे मला पटेना.

एकभिंगीत ही भानगड नाही, त्याला अगदी खालपासून दिसतं. त्याचं दुखणं मीठ. एकाच भिंगातून जा-ये असल्यामुळे काचेवर खारट पापुद्रा चढला की लेझरचा थोडा प्रकाश तिथूनच मागे फिरतो आणि तळाशी खोटा सिग्नल दिसतो. आगोटीच्या आधी, पाऊस नसताना आणि वारा समुद्रावरून सुटलेला असताना, हे जास्त. बोट फिरवलं तर काच चिकट लागते. आधी गोडं पाणी ओतून मीठ विरघळू द्यायचं, मगच मऊ फडकं; कोरडं पुसलं तर मिठाचे कण काच ओरखडतात. हे काम कटकटीचं आहे, पण डोळ्यांना दिसणारं आहे. काच पुसली की दुखणं गेलं. कोष्टकाला फडकं मारता येत नाही.

धो-धो पावसात दोघेही सारखेच. ढगाच्या तळाऐवजी उभी दृश्यता, म्हणजे सरळ वर किती अंतरापर्यंत दिसतं ते, सांगून मोकळे होतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बसवताना दोन्हींना एकच पथ्य. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शून्य सावलीचा दिवस येतो आणि सूर्य थेट भिंगात उतरतो. आतल्या संवेदकाला ते झेपत नाही. म्हणून यंत्र उत्तरेकडे कलतं ठेवायचं. आपल्याकडे सूर्य माथ्याच्या उत्तरेला फार तर साडेसहा अंश सरकतो, त्यामुळे १२ अंशांचा कल पुरतो. काचेवरचं पाणीही निथळतं आणि नैर्ऋत्येचा पाऊस पाठीवर घेतला जातो. मात्र कलाची दुरुस्ती सेटिंगमध्ये चालू आहे ना, ते बघा: १००० मीटर तिरकं अंतर म्हणजे ९७८ मीटर उंची. अर्थिंगवर कंजुषी नको, जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. पाणी निचरायची भोकं कुंभारमाशी चिखलाने लिंपून टाकते, तीही अधूनमधून टोकरा. आणि दुर्बीण घेऊन येणाऱ्या पक्षिमित्रांना सांगून ठेवा, झोताच्या रेषेत दुर्बिणीतून बघायचं नाही.

चाचणीला महागडं काही लागत नाही. दुपारी कापशी ढग असतील तेव्हा तापमान आणि दवबिंदू यांतला फरक १२५ने गुणा. तीन अंशांचा फरक म्हणजे तळ साधारण ३७५ मीटरवर. पाऊस चालू असताना मात्र हा हिशेब धरू नका. रात्री सपाट थराचा ढग असेल तर जोरदार सर्चलाइट सरळ वर मारा, १०० मीटर लांब जाऊन ढगावरच्या ठिपक्याचा कोन मोजा. ७० अंश आला तर ढग २७५ मीटरवर. या दोन्ही चाचण्यांत माझा एकभिंगी समाधानकारक जवळ आला. दुनळीही वरच्या ढगांना चुकला नाही. खालच्या फाटक्या ढगांत मला तो थोडा बिचकल्यासारखा वाटला. माझं निरीक्षण एका जागेचं आहे, तेवढंच धरा.

कॉलेजात संशोधनासाठी घेत असाल, वर्षभर आलेख तपासायला हुशार विद्यार्थी असतील, तर दुनळी घ्या, मी अडवणार नाही. पण त्या यंत्राचं स्वतःचं कोष्टक फाइलमध्ये हातात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि लेझर बदलला तर नवं कोष्टक कोण करून देणार हे आधीच लिहून घ्या. बंदर, हेलिपॅड किंवा धावपट्टीसाठी ढगाची उंचीच हवी असेल तर एकभिंगी घ्या. आणि काच धुणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर धरा.