लोह, व्हे, कलेजी आणि बांगडा: धावण्यासाठी आठ महिने वापरून पाहिलेलं

जानेवारीत माझं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ९ आलं, हिमोग्लोबिन १०.८. त्याच कागदावर बी-१२ १६२ आणि ड जीवनसत्त्व १३, सगळेच कमी. वजन मात्र ५६.५ किलो होतं आणि त्या आकड्याचा मला फार आनंद झाला होता. सहा महिन्यांत साडेसात किलो उतरवले होते. त्याच सहा महिन्यांत यवतेश्वरचा घाट, जो मी एका दमात चढायचे, तो थांबत थांबत चढायला लागले होते, आणि पाळी दोन महिने आलीच नव्हती. ‘वय वाढतंय’ अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मी ३९ वर्षांची आहे, साताऱ्यात राहते, पाच वर्षं धावते.

वजन उतरवलं कसं, ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणी तेच करताना दिसतात. रात्रीची भाकरी बंद, भात बंद, त्याऐवजी पाण्यात एक चमचा व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर. पहिल्या दहा दिवसांत अडीच किलो कमी झाले. ते बहुतेक पाणीच होतं, हे नंतर कळलं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (भाकरी-भातातून बनणारा साखरेचा साठा) साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी-भात सोडला की तो साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. काटा खाली येतो, पण घाट चढायला लागणारं इंधन तेच असतं.

त्यातच एका दुकानदाराने चरबी जाळणाऱ्या कॅप्सूल दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी धावताना हात थरथरले, घरी येऊन बसल्यावरही छाती धडधडत राहिली. डबीवर घटकांच्या जागी ‘विशेष मिश्रण’ एवढंच होतं, कुठला घटक किती ते नाही. डबी फेकली. तेव्हापासून नियम केला: ज्या डबीवर प्रत्येक घटकाचं वजन नाही आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक नाही, ती घरात आणायची नाही. ज्यांना स्पर्धेत उत्तेजक चाचणीला सामोरं जावं लागतं त्यांनी तर बॅचनिहाय तपासलेल्याच वस्तू घ्याव्यात, कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

आता लोहाच्या गोळ्या. आठ महिन्यांत मी जे जे घेतलं, त्यात माझं धावणं खरोखर कशाने बदललं असेल तर यांनी. डॉक्टरांनी दिवसाआड एक गोळी दिली. मला वाटायचं रोज घेतली तर लवकर भरून निघेल. त्यांनी समजावलं की एक गोळी घेतली की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाला आतड्यातच अडवतं. दमवणाऱ्या पळण्यानंतरही काही तासांनी हेच संप्रेरक वाढतं. म्हणून सकाळी, लिंबूपाण्याबरोबर, दिवसाआड. चहा गोळीनंतर दोन तासांनी. हे शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं. सकाळी घरात सगळ्यांबरोबर चहा घ्यायचा ही पंधरा वर्षांची सवय होती. पण चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, मग गोळी घेऊन उपयोग काय? पहिले तीन आठवडे पोट जड, बद्धकोष्ठ, शौचाला काळं. काळं होणं अपेक्षितच असतं, घाबरू नये. भिजवलेल्या मनुका आणि जास्त पाणी यावर ते निभावलं.

फरक कधी जाणवला, असं सगळे विचारतात. पाचव्या आठवड्यात जिने चढताना, सातव्या आठवड्यात धावताना. एकदम काही झालं नाही. एक दिवस घाटातल्या त्याच वळणावर मी बोलत होते आणि बोलणं तुटलं नाही, एवढंच. एप्रिलमध्ये फेरिटिन २२, जुलैत ३८. हिमोग्लोबिन १२.६. पाळी एप्रिलपासून नियमित झाली. ते गोळीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. ते भाकरी-भात परत सुरू केल्यामुळे झालं, असं डॉक्टरांचं मत आहे आणि मला ते पटतं. पळणाऱ्या बाईने पुरेसं खाल्लं नाही तर शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं झिजायला लागतात. कृपा करून पाळी चुकणं ही चांगल्या सरावाची खूण समजू नका. मी समजले होते.

बी-१२ची इंजेक्शनं आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी, आठ आठवडे. दोन्ही आकडे सुधारले, पायांच्या मुंग्या गेल्या. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. तपासणी करून, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. लोहाचंही तेच: गरज नसताना लोह घेणं घातक ठरू शकतं.

मांसाहाराची गोष्ट लांबची आहे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी बांगडा, सुकट, तिसऱ्या यांशिवाय जेवण माहीत नव्हतं. सासर साताऱ्याचं, सासूबाई माळकरी. लग्नानंतर मांसाहार महिन्यातून एखाद्या वेळी, तोही बाहेर. कुणी बंदी घातली नव्हती, मलाच अवघड वाटायचं. रिपोर्ट आल्यावर मी सासूबाईंना कागद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “तब्येतीसाठी खातीस तर खा की. भांडी तेवढी येगळी ठेव.” मागच्या पडवीत वेगळी शेगडी आली, एक कढई, एक पातेलं, दोन ताटं. बुधवार, शुक्रवार, रविवार. एकादशी कुठल्याही वारी आली तरी नाही. या वेळापत्रकाबद्दल माझी तक्रार नाही. उलट आठवड्याचा सराव त्याभोवती नीट बसला.

मांसातल्या लोहाचं वैशिष्ट्य असं की त्यातला १५ ते ३५ टक्के भाग शरीर घेऊ शकतं. पालक, नाचणी, गूळ यांतलं लोह त्यामानाने फार कमी अंगी लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थोडं मांस किंवा मासळी सोबत असली की त्याच ताटातल्या डाळी-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. हे कळल्यावर मला आईची वांग्यातली सुकट आठवली. मूठभर सुकट, पाणी बदलून दोनदा धुतलेली, वांगं आणि भरपूर कोकम. धुतली नाही तर मीठ फार होतं. आता ती माझी शुक्रवारची भाजी आहे.

कलेजी दहा दिवसांतून एकदा, शंभर ग्रॅमच्या आसपास, आलं-लसूण-मिरपूड लावून पटकन परतलेली, वर लिंबू. जास्त शिजवली की चामड्यासारखी होते. लोहासाठी यापेक्षा स्वस्त काही मला सापडलं नाही. पण रोज खाऊ नका. कलेजीत अ जीवनसत्त्व भलतंच असतं, आणि गरोदर बायकांनी तर ती टाळावीच. बांगडा बाजारात कुंभार्ली घाट चढून येतो तेव्हा वेंगुर्ल्याइतका ताजा नसतो, तरी घेते. प्रथिनं आहेत, ओमेगा-३ आहे, आणि पचायला मटणापेक्षा हलका.

मटणाबद्दल एक चूक सांगते. मे महिन्यात एका गावच्या यात्रेत रात्री साडेनऊला मटण जेवले आणि पहाटे पाचला १८ किलोमीटरला निघाले. सहाव्या किलोमीटरपासून पोटात दगड. चरबी पोटातून हळूहळू पुढे सरकते, साडेसात तास पुरले नाहीत. तेव्हापासून लांबच्या पळण्याच्या आदल्या रात्री साधा वरण-भात, तूप बेताचं, आणि मटण रविवारी दुपारी, पळून आल्यावर. तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी, मग झोप. आठवड्यातलं माझं सगळ्यांत आवडतं जेवण तेच.

पाया सूपवर लोकांची फार श्रद्धा आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ते चविष्ट आहे, पावसात भिजून आल्यावर गरम आणि खारट पोटात गेलं की जीव थाऱ्यावर येतो. पण त्यातलं प्रथिन मुख्यतः जिलेटिन असतं आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. स्नायूंच्या भरपाईच्या हिशेबात मी ते धरत नाही.

व्हेचा अनुभव दोन टप्प्यांत झाला. आधीची पावडर कॉन्सन्ट्रेट होती, तिच्यात दुधातली साखर बरीच राहते. मला गॅस आणि पोटफुगी व्हायची. मार्चमध्ये आयसोलेट घेतलं, त्यात ती साखर जवळजवळ नसते; त्रास थांबला, किंमत वाढली. मुख्य गोष्ट ही की आता ते जेवणाऐवजी नाही, जेवणात कमी पडलेल्या प्रथिनांपुरतं घेते. माझं लक्ष्य किलोमागे १.४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ८४ ग्रॅम. पूर्वी मोजलं तेव्हा ४५च्या आसपास भरत होतं. आमच्याकडे अंडं सात रुपयांना मिळतं. चार अंड्यांत २४ ग्रॅम प्रथिनं, २८ रुपये. माझ्या आयसोलेटच्या एका चमच्यात २५ ग्रॅम, आणि तो पडतो १०० रुपयांच्या वर. ज्या दिवशी अंडी चालतात त्या दिवशी पावडरीची गरजच नाही.

गरज पडली ती श्रावणात. आखाड जोरात झाला आणि मग महिनाभर मांस, मासे, अंडी सगळं बंद. हे मी माझ्या मनाने पाळलं, सासूबाईंच्या मोठेपणाची परतफेड म्हणून नव्हे, मलाही श्रावण आवडतो. घाटातली २१ किलोमीटरची शर्यत मात्र श्रावण संपता संपता होती, म्हणून धास्ती होती. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, दूध, पनीर, आणि रोज एक चमचा व्हे. चार आठवड्यांनी फेरिटिन ३६. भरलेला साठा महिन्याभरात रिकामा होत नाही. पूर्ण शाकाहारी धावपटूंनाही हे जमतं, फक्त बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं आणि लोहावर लक्ष ठेवावं लागतं. मांस खाल्ल्याशिवाय पळता येत नाही असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

भाकरी सोडून फक्त मांस आणि तूप खाऊन पळा, असा सल्लाही मला मिळाला होता. केनियाच्या धावपटूंच्या आहाराचा एक अभ्यास २००४ साली छापून आला. त्यांच्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक भाग कर्बोदकांतून येत होता, मुख्यतः उगालीतून, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीतून. मांस थोडं. ऑस्ट्रेलियात २०१७ साली उच्च दर्जाच्या चालपटूंवर झालेल्या अभ्यासात अति-चरबीच्या आहारावरच्या गटाची कामगिरी सुधारली नाही, भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांची सुधारली. मी पुन्हा दोन भाकऱ्या खायला लागले त्यात या वाचनाचा मोठा वाटा आहे.

क्रिएटिन, म्हणजे ताकदीच्या व्यायामासाठी घेतात ती पावडर, दहा आठवडे, रोज तीन ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात वजन १.३ किलोने वाढलं. ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं. व्यायामशाळेत उठाबशा, वजन उचलणं नक्की सुधारलं. २१ किलोमीटरच्या चढावर मला काही फायदा दिसला नाही, म्हणून जूनमध्ये बंद केलं. रक्त तपासताना क्रिएटिन चालू असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा, नाहीतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासायला रक्तात मोजतात ते द्रव्य) थोडं वाढलेलं पाहून मूत्रपिंडाची विनाकारण काळजी सुरू होते.

पळताना जेल, म्हणजे पाकिटातून चोखायचं गोड घट्ट द्रव्य, घेऊन पाहिलं, पोटाला सोसलं. एका पाकिटात २२ ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढीच तीन-चार मध्यम खजुरांत मिळतात, पण चढावर धाप लागलेली असताना खजूर चावणं मला जमलं नाही. म्हणून सरावात खजूर, शर्यतीत जेल.

शर्यतीच्या दिवशी घाटात धुकं होतं, अंगावर बारीक पाऊस. गेल्या वर्षी त्याच वाटेवर २ तास ४९ मिनिटं लागली होती, तेव्हा वजन ५८ होतं आणि रोज कमी होत होतं. या वर्षी ६० किलो वजनाने २ तास ३४ मिनिटं. पंधरा मिनिटांतलं किती लोहाचं, किती भाकरीचं, किती सरावाचं, हे मला वेगळं काढता येणार नाही. उतारावर मात्र पहिल्यांदाच मांड्यांत ताकद शिल्लक होती.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आमच्या मैदानावर येणाऱ्या पोलीस भरतीच्या मुली. ८०० मीटरच्या सरावाला पहाटे उपाशी येतात. ललिता बाबर आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावलेली. तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पण यातल्या काही जणी वजन कमी व्हावं म्हणून जेवण सोडतात आणि उसने पैसे काढून पावडरीचे डबे घेतात. त्यातली एक १९ वर्षांची मुलगी शेवटच्या दोनशे मीटरला नेहमी चालायला लागायची. तिला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन ९.४ आलं. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळाल्या. डबा घ्यायला ठेवलेल्या पैशांतून तिच्या आईने अंडी आणायला सुरुवात केली.

मागच्या बुधवारी ती मैदानावर डबा घेऊन आली. बाजरीची भाकरी, दोन उकडलेली अंडी, लिंबाची फोड.

“ताई, आधी खाऊ का आधी पळू?”

आधी एक केळं दिलं, अर्धा तास बसवलं, मग ८०० मीटर. शेवटचे दोनशे ती चालली नाही. डबा आम्ही दोघींनी कट्ट्यावर बसून खाल्ला.