४०७ चं इंजिन घरी रंगवलं, त्याला नऊ महिने झाले

गेल्या एप्रिलमध्ये वडिलांच्या जुन्या टाटा ४०७ या छोट्या ट्रकचं इंजिन अंगणात चेन पुलीनं उतरवलं, रंगवलं आणि परत चढवलं. तेव्हापासून तासगाव-सांगली फेऱ्यांत गाडी चारेक हजार किलोमीटर पळाली, मधे एक पावसाळाही झाला.

इंजिन टाटाच्या ४९७ मॉडेलचं. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), २९५६ सीसी. वर तेल-धुळीचा डांबरासारखा थर. तो काढण्यातच चार दिवस गेले: पत्र्याच्या पट्टीनं खरवड, डिझेल, वायर ब्रश, साबणाचं गरम पाणी, शेवटी थिनरचं फडकं. बोल्ट आणि ब्रॅकेट कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकले. त्यात अल्युमिनियमचा एक तुकडा चुकून गेला, तो फेसाळून काळा पडला. अल्युमिनियमला कॉस्टिक चालत नाही, हे मला माहीत होतं बरं का!

मेटल प्रायमरवर साध्या सिंथेटिक इनॅमलचे दोन हात दिले, स्मोक ग्रे. मिस्त्री म्हणाले, "काळा मार की, घाण दिसत न्हाई." पण मला घाण दिसायलाच हवी होती. ऑइल कुठून पाझरतंय ते काळ्यावर कळत नाही.

ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरचा, रंग आजही टणक आहे. आतलं थंड करणारं पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास राहतं, तेवढं साधं इनॅमल सोसतं. जळालेला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गणित वेगळं. तिथं हौसेनं तोच रंग मारला आणि पहिल्याच घाटात धूर, वास, पापुद्रे. नंतर घासून हीटप्रूफ सिल्व्हर मारला, तो टिकलाय. ब्लॉकच्या खालच्या कोपऱ्यात मात्र बोटभर रंग सोलला. तिथं ब्रश पोचला नव्हता, दोष रंगाचा नाही.

बसवताना क्लच प्लेट सेंटर करायला जुना गिअरबॉक्स शाफ्ट कामी आला, नाहीतर गिअरबॉक्स घुसता घुसत नाही. इंजिन ज्यांवर बसतं ते फाउंडेशनचे रबर नवे टाकले, थरथर निम्म्यानं कमी. पण पहिल्या दिवशी स्टार्टर रडतच फिरला. बॅटरी बदलून पाहिली, स्टार्टर सोडवला, अर्धा दिवस गेला. शेवटी सापडलं: बॅटरीचा करंट बॉडीतून परत नेणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली मीच रंग मारला होता! टेम्परेचरच्या काट्याचंही तेच. त्याचा सेन्सर ब्लॉकमधूनच अर्थ घेतो, त्यामुळं आट्यांत गेलेला रंग खरवडावा लागला. या जागांवर आधीच मास्किंग टेप लावा.

एक काटकसर अंगाशी आली. डिझेल फिल्टरच्या बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच घातले. थेंब थेंब डिझेल खाली उतरलं आणि तेवढ्या पट्ट्यात इनॅमल मऊ पडून नखानं निघतंय. ग्रे असल्यामुळं ओघळ लगेच दिसला, मिस्त्रींनाही दाखवला. नवे वॉशर आणलेत, रविवारी ते बसवून, डिझेल लाइनमधली हवा काढून तो पट्टा पुन्हा मारतो. डबा अजून अर्धा शिल्लक आहे.