ब्रुकलिन टेक: जिच्या सातव्या मजल्यावर फौंड्री होती ती शाळा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझी ३८ वर्षं पॅटर्न बनवण्यात गेली. लाकडात वस्तूचा नमुना करायचा, तो रेतीत दाबून साचा घ्यायचा, साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं आणि कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेली वस्तू, निघालं की मशिनवर चढवायचं. त्यामुळं लेक न्यूयॉर्कहून फोनवर म्हणाली, "आबा, पोरीसाठी जी शाळा बघतोय तिच्या सातव्या मजल्यावर पूर्वी फौंड्री होती," तेव्हा तिची ऐकण्यात काही चूक झाली असेल असं मला वाटलं. फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतायचा कारखाना, तळमजल्यावर असते. रेतीचं वजन, भट्टीची धग, हे सगळं सात मजले वर कोण नेईल?

नेलं होतं. ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूलची कल्पना १९१८ सालची. अल्बर्ट कोल्स्टन हे दुसऱ्या एका शाळेतले गणिताचे विभागप्रमुख. ब्रुकलिनच्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाचं वेगळं हायस्कूल हवं, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९२२ मध्ये एका जुन्या गोदामात सुमारे २,४०० मुलांनिशी शाळा भरली. फोर्ट ग्रीन पार्कसमोरची आत्ताची १२ मजली इमारत १९३० ते ३३ मध्ये उभी राहिली. खर्च त्या काळचे ६० लाख डॉलर. साल बघा, महामंदीचं. घरोघरी बेकारी होती, आणि शहर एका फुकट शाळेसाठी लाकूडकामाचं शॉप, पत्र्याचं शॉप, मशिन शॉप, धातू तोडून बघायची प्रयोगशाळा, विमानांचे नमुने वाऱ्यात तपासायचा हवेचा बोगदा आणि रेतीची जमीन असलेली फौंड्री बांधत होतं.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी, की मुलं आधी लाकडी पॅटर्न करत, त्यावरून मोल्ड घेत, धातू ओतत आणि ते कास्टिंग मशिन शॉपमध्ये ड्रॉइंगबरहुकूम मापात आणत. आमच्याकडे ही चार कामं चार माणसांची. कास्टिंग मापात बसलं नाही की मशिनवाला मोल्डरकडे बोट दाखवणार, मोल्डर माझ्याकडे. इथं सगळं एकाच पोराच्या हातून जायचं. पॅटर्नमधली आपली चूक महिन्याभरानं मशिनवर आपल्यालाच सापडणार. कामगार घडतो तो असा, आणि इंजिनिअरही.

नात आठवीत असताना मी तिकडेच होतो. तिच्यासोबत ओपन हाऊसला, म्हणजे पालक-मुलांना शाळा दाखवतात त्या दिवशी, गेलो. दारातून आत गेल्यावर मॅक्सवेल स्टार यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. मंदीत सरकारनं बेकार चित्रकारांना कामं दिली, त्यातलं हे. विषय माणसाच्या श्रमाचा, डोक्याच्या आणि हाताच्याही. मी तिथंच रेंगाळलो, लेकीला हात धरून पुढं न्यावं लागलं. सभागृहात ३,००० हून जास्त खुर्च्या आणि वर दोन बाल्कन्या आहेत. सरकारी शाळेचं सभागृह एवढं मोठं असू शकतं, हे आत बसल्याशिवाय पटत नाही.

आता पालकांच्या कामाचं. शाळा नववी ते बारावी, फी नाही. दुपारचं जेवण न्यूयॉर्कच्या सगळ्या सरकारी शाळांत २०१७ पासून मोफत आहे. मुलं सहा हजारांच्या घरात. प्रवेश एकाच परीक्षेवर, एसएचसॅट (SHSAT) तिचं नाव. इंग्रजीचे ५७ आणि गणिताचे ५७ प्रश्न, वेळ तीन तास. १९७१ च्या राज्याच्या कायद्यानं ही पद्धत बांधून टाकली आहे, त्यामुळं शहराला मनात आलं म्हणून ती बदलता येत नाही. एकाच दिवसाच्या गुणांवर चार वर्षं ठरावीत हे मला पटत नाही. या परीक्षेतून कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं फार थोडी आत येतात, आणि ब्रुकलिनसारख्या ठिकाणी हे जास्तच खटकतं. गरीब घरच्या, थोडक्यात हुकलेल्या मुलांसाठी डिस्कव्हरी नावाची उन्हाळी वाट आहे. आपल्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना जरूर सांगा, पुष्कळांना ती माहीतच नसते.

तयारीच्या क्लासबद्दल एक अनुभव. लेकीनं एका क्लासला चांगले पैसे भरले. तिथं नातीला जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स मिळाल्या आणि वेळ लावून त्या सोडवायला सांगितलं, बाकी काही नाही. तिचं कुठं चुकतंय हे कुणी बघितलं नाही. शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर नमुना प्रश्न फुकट आहेत. दोन महिने आम्ही जेवणाच्या टेबलावर तेच घेऊन बसलो. अपूर्णांकात ती घाई करत होती, ते तिथं कळलं.

या शाळेला बाकीच्या हायस्कूलांपासून वेगळं काढते ती मेजरची पद्धत. दहावीत मेजर, म्हणजे आपला मुख्य विषय, निवडायचं आणि अकरावी-बारावी त्यात काढायची. एरोस्पेस, आर्किटेक्चर, सिव्हिल, कॉम्प्युटर सायन्स, इंडस्ट्रियल डिझाइन, जीवशास्त्र, शिवाय कायदा आणि मीडियासुद्धा. म्हणून माझा सल्ला, नावाकडं बघून शाळा घेऊ नका, मेजरची यादी पोरासमोर ठेवा. त्यातल्या कशावर तरी त्याचे डोळे थांबले पाहिजेत. सहा हजारांच्या शाळेत आपणहून उठून विचारणाऱ्या मुलाचं निभावतं, क्लबपासून रोबोटिक्सपर्यंत त्याला सगळं खुलं आहे. फार बुजरं मूल असेल तर घरच्यांनी पहिलं वर्ष जवळून लक्ष ठेवावं.

माजी विद्यार्थ्यांत मोठी नावं आहेत, मी एकच सांगतो. आर्नो पेन्झियस. नाझी जर्मनीतून लहानपणी निसटलेला निर्वासित पोरगा, वडील पुढं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या सुतारशाळेत कामाला. मुलगा १९५१ मध्ये ब्रुकलिन टेकमधून बाहेर पडला, सिटी कॉलेजात गेला आणि विश्वाच्या जन्मापासून उरलेलं प्रारण रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत शोधल्याबद्दल १९७८ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सुताराचा मुलगा. हे मी उद्यमनगरातल्या सगळ्या जुन्या सोबत्यांना सांगितलंय.

पेन्झियसच्या वेळी शाळेत फक्त मुलगे होते. मुलींना १९७० मध्ये प्रवेश मिळाला. माझी नात आता अकरावीत आहे, इंडस्ट्रियल डिझाइनमध्ये.

सातव्या मजल्यावर आता भट्टी पेटत नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. पडद्यावर कितीही सुंदर ड्रॉइंग काढलं तरी तापलेला धातू कसा वागतो हे पडदा सांगत नाही. पण मूळ रीत टिकली आहे: आधी काढा, मग करा, मग मोजा. गेल्या हिवाळ्यात नातीनं थ्री-डी प्रिंटरवर केलेलं एक ब्रॅकेट घरी आणलं. मी हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, "हे बिडात ओतायचं झालं तर रेतीतून निघेल का?" बाजू अगदी सरळ उभ्या होत्या. पॅटर्न उचलताना रेती ढासळली असती. मग बाजूंना थोडा उतार कसा द्यायचा ते कागदावर काढून दाखवलं, आणि बीड थंड होताना फुटाला साधारण १/८ इंच आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा, हेही सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला, सगळी मापं एक टक्क्यानं वाढवली, बाजूंना उतार दिला आणि म्हणाली, "आबा, आता?"

कोपरेही गोल करायला सांगितले. ते तिनं दुसऱ्या दिवशी शाळेत केले.

बघायला जाणार असाल तर ओपन हाऊस शरद ऋतूत असतं आणि नाव आधी नोंदवावं लागतं. 'जी' (G) नावाच्या ट्रेननं फुल्टन स्ट्रीटला उतरा, तिथून चालत थोडंसंच आहे. आत गेल्यावर भित्तिचित्रापाशी पाच मिनिटं थांबा.