पेट्रोलमधलं ‘औषध’, प्रीमियम आणि अ‍ॅव्हरेज: खानापूर–बेळगाव रोजच्या वापरानंतर

माझ्याकडे दोन गाड्या आहेत. एक २०१० ची कार्बोरेटरवाली स्प्लेंडर, जिच्यावरून मी खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. दुसरी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, घरच्यांसाठी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन्हींचं अ‍ॅव्हरेज घसरलं. आमच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नसायचा. कुणी म्हणे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलनं वाट लावली, कुणी म्हणे प्रीमियम पेट्रोल टाक, कुणी पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधाची काउंटरवरची साडेतीनशे रुपयांची बाटली टाकून ‘इंजिन एकदम स्मूथ’ झाल्याचं सांगे. म्हटलं, वही घालू आणि बघू. जूनपासून हिवाळा संपेपर्यंत सगळं वापरून पाहिलं, त्याचा हा अनुभव.

मोजायची पद्धत आधी सांगतो, कारण आपल्याकडे निम्मे वाद इथंच होतात. पंपाचं नोझल आपोआप बंद होतं तिथंच थांबायचं, पुढं ‘अजून थोडं’ म्हणून भरायचं नाही. शक्यतो तोच पंप, तेच मशीन. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल्ल करून किलोमीटरला लिटरनं भागायचं. गाडीच्या डिस्प्लेवरचा आकडा मी धरलाच नाही, तो बहुतेक वेळा जरा जास्त दाखवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिशेब जाऊन-येऊन करायचा, एका बाजूचा नाही.

हे शेवटचं का, ते सांगतो. आपल्या भागात एक समज पक्का आहे की कोल्हापूरकडचं पेट्रोल भारी, बेळगावचं हलकं. काहीजण नेमकं उलटं सांगतात. गोव्याला जाणारे म्हणतात, तिथलं पेट्रोल स्वस्त आहे पण लगेच संपतं. आता बघा, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास, आणि पणजी तर समुद्राकाठी. बेळगावात टाकी भरून निपाणी, कागल करत कोल्हापूरला गेलात तर एकूण उताराला लागता. पणजीत भरून चोर्ला घाट चढून आलात तर गाडी साडेसातशे मीटर वर ओढता. पेट्रोल बिचारं तेच असतं. पंप कर्नाटकातला असो की महाराष्ट्रातला, पेट्रोलचं मानक देशभर एकच आहे. बदलतो तो राज्याचा कर, म्हणून कोगनोळी नाका ओलांडला की बोर्डावरचा भाव बदलतो. मी स्विफ्ट कोल्हापूरला नेली, येताना तिथलं भरलं आणि जाऊन-येऊन हिशेब काढला. दोन्हीकडच्या पेट्रोलमध्ये सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

आता इथेनॉल. पूर्वी पेट्रोलमध्ये १० टक्के असायचं, ते देशभर २०२२ मध्ये गाठलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत २० टक्क्यांच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. एक लिटर पेट्रोलमधून साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक लिटर इथेनॉलमधून २१ च्या आसपास. म्हणजे १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यावर लिटरमागची ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. हे काही कुणी लपवून ठेवलेलं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटेल, आणि २० टक्क्यांसाठीच जुळवलेल्या गाडीत घट १ ते २ टक्केच राहील.

स्विफ्टचं तसंच झालं. साडेसोळा द्यायची ती पावणेसोळाच्या आसपास आली. तिला कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आहे, त्यामुळे पेट्रोल बदललं की कॉम्प्युटर आपोआप जुळवून घेतो. चालवताना काही कळत नाही, फक्त पंपावर जरा लवकर जावं लागतं.

स्प्लेंडरचं मात्र गणित जुळेना. बासष्टची गाडी पंचावन्नवर आली. म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त घट. इथेनॉलच्या खात्यावर फार तर चार टक्के टाकता येतात, मग उरलेले सात गेले कुठं? माझा सगळा अनुभव म्हणजे या सात टक्क्यांचा शोध आहे, आणि ज्यांच्याकडे जुन्या मोटारसायकली आहेत त्यांनी हाच भाग नीट वाचावा.

पहिल्यांदा बाटली टाकली. नाव सांगत नाही, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टाकल्या आणि निकाल एकच. बाटली साडेतीनशेची आणि चाळीस लिटरला एक, म्हणजे लिटरमागं पावणेनऊ रुपये. त्या वेळी आपल्याकडे पेट्रोल १०३ च्या आसपास होतं. तेव्हा बाटलीचे पैसे नुसते फिटायचे असतील तरी अ‍ॅव्हरेज साडेआठ टक्क्यांनी वाढलं पाहिजे. स्विफ्टमध्ये एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, बाटली टाकल्यावर सिग्नलला उभी असताना इंजिनची थरथर कमी झाली. इंजेक्टर साफ करणाऱ्या चांगल्या औषधात पॉलिइथरअमीन नावाचं रसायन असतं, ते इंजेक्टरच्या तोंडावरची साठलेली घाण खरंच काढतं. गाडीचे ऐंशी हजार किलोमीटर झालेत, त्यामुळे थोडीफार घाण असणारच. पण अ‍ॅव्हरेज होतं तिथंच. दुसऱ्या बाटलीनंतर थरथरीतही आणखी फरक पडला नाही. स्प्लेंडरला इंजेक्टरच नाही, तिच्यात त्या औषधानं काहीच झालं नाही.

ऑक्टेन बूस्टर मी विकत घेतलं नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटून इंजिन खडखडू नये, त्यासाठीची ती सहनशक्ती आहे. इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच १०८ च्या घरात असतो, त्यामुळे २० टक्क्यांच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आधीच्यापेक्षा वाढलेला आहे. त्यात स्प्लेंडरसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९१ सुद्धा पुरून उरतो. आणि आपण उंचावर राहतो, इथं हवा जरा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ऑक्टेनची गरज मुंबई-पणजीपेक्षा कमीच. हायवेवरच्या पंपावर पोरं ‘काका, पॉवर टाकू का?’ म्हणून मागं लागतात. ९५ ऑक्टेनचं प्रीमियम स्विफ्टमध्ये सलग काही टाक्या वापरलं. लिटरला सात-आठ रुपये जास्त दिले आणि वहीत फरक शोधूनही सापडला नाही. ९५ चं प्रीमियम म्हणजे इथेनॉलशिवाय, हाही गैरसमज आहे. टर्बोवाल्या किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या गाडीला कंपनीनंच मॅन्युअलमध्ये ९५ सांगितलं असेल तर जरूर टाका, ती वेगळी गोष्ट.

सात टक्के सापडले ते ऑगस्टमध्ये, पिरनवाडीच्या गॅरेजमध्ये. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कोसळत होता, खानापुरातही उघडीप नव्हती. गाडी सकाळी चोक देऊनही चालू होईना, झाली तर प्रभूनगरच्या चढाला मिसिंग. मेस्त्रींनी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सोडला आणि त्यातलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत धरलं. बाटली खिडकीत ठेवली. चहा पिऊन होईतोवर खाली बोटभर गढूळ थर वेगळा झाला, वर पिवळसर पेट्रोल. मेस्त्री म्हणाले, “दादा, ह्ये पेट्रोल न्हवं, पाणी हाय की खाली. औषध टाकून काय व्हतंय?” मग वाटी दाखवली. तळाला पांढरी भुकटी धरलेली, रबरी वॉशर फुगून खाचेतून वर आलेला, आणि कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं बारीक भोक शेवाळी रंगाच्या चिकट घाणीनं निम्मं बुजलेलं.

का होतं हे असं? साधं पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पूर्वी टाकीत थेंबभर पाणी गेलं तर ते तळाला पडून राहायचं. इथेनॉल मात्र पाणी ओढतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये धरून ठेवतं आणि इंजिनात जळून जातं, तोपर्यंत त्रास नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं किंवा थंडी वाढली, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. मग थेंबाचा बोटभर थर होतो. आणि टाकीची तोटी खालीच असते, त्यामुळे कार्बोरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं. त्यात ॲल्युमिनियमची वाटी, म्हणून ती पांढरी भुकटी. जुनी रबरं इथेनॉलसाठी बनवलेलीच नव्हती, म्हणून वॉशर फुगतो.

पाणी कुठून आलं? माझ्या टाकीच्या झाकणाचा रबर कडक झाला होता, तो बदलला. पण त्याच आठवड्यात तालुक्यातल्या एका पंपावर भरलेल्या आमच्या शॉपमधल्या आणखी दोघांच्या गाड्याही बंद पडल्या. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं तर ग्राहकाला ते कळायचा मार्ग नसतो, आणि हे मला फार लागतं. दिवसाची मजुरी बुडवून माणूस गॅरेजला गाडी ढकलत नेतो, आणि तिथं त्याला इथेनॉलला शिव्या देऊन परत पाठवतात. टाकीत पाणी आहे का, हे काठीला पेस्ट लावून बघता येतं, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. पावसाळ्यात हे रोज झालं पाहिजे आणि ते ग्राहकासमोर व्हायला काय हरकत आहे?

आपल्या हातात असलेल्या तीन गोष्टी कुठल्याही पंपावर मागता येतात. फिल्टर पेपर मागा, त्यावर नोझलचा एक थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. घनता मोजून मागा. हायड्रोमीटर आणि उंच काचेचं भांडं पंपावर असावंच लागतं, १५ अंशाला आणलेला आकडा टँकरच्या पावतीवरच्या आकड्यापेक्षा घनमीटरमागं तीन किलोहून जास्त वेगळा नको. आणि पाच लिटरचं सरकारी शिक्का असलेलं माप, त्यात २५ मिलीपर्यंतचीच कमी-जास्त चालते. मी बेळगावात एका पंपावर घनता मागितली तेव्हा मॅनेजरनं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग पोऱ्याला भांडं आणायला लावलं आणि तक्त्यावर बोट ठेवून आकडा दाखवला. बरोबर होता. आता मी तिथंच भरतो. तिथं गर्दी असते, टाकी रोज रिकामी होते, माल साठून राहत नाही. पंप निवडताना मी एवढंच बघतो.

मेस्त्रींनी वाटी, जेट साफ केले, सगळे वॉशर आणि ओ-रिंग बदलल्या, पेट्रोलची नळी नवी टाकली. मग मिक्श्चरचा स्क्रू थोडा फिरवला. हेही गरजेचं होतं. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. इंजेक्शनवाली गाडी ते स्वतः समजून घेते, कार्बोरेटर जुन्याच मापानं हवा देत राहतो. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअप मरतो. स्क्रूवर थोडं पेट्रोल वाढवलं की गाडी कमी वेगाला परत नीट ओढायला लागते. सगळा खर्च दोन बाटल्यांपेक्षा कमी झाला. चेन ताणून, टायरची हवा बघून गाडी घेतली. पुढच्या टाकीपासून वहीत साठचे आकडे यायला लागले, आणि डिसेंबरच्या थंडीतही सकाळी चोक एकदाच लागला.

बासष्ट परत आलं नाही, ते येणारही नाही. दोन किलोमीटर इथेनॉलचे. इथेनॉल उसापासूनही काढतात, आणि तो ऊस आपल्याच चिक्कोडी, हुक्केरी, गोकाकच्या शिवारातला आहे, कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर बिलं वेळेवर निघावीत ही अपेक्षा मीही धरतो. पण लिटरमागं ऊर्जा कमी मिळते तर भावही तेवढा कमी हवा होता. जुन्या गाड्यावाल्यांसाठी १० टक्क्यांचं पेट्रोलही पंपावर राहायला हवं होतं. नवी गाडी घेणं सगळ्यांना परवडत नाही.

डिझेलवाल्यांनी विचारलं म्हणून: पिकअप गाडीच्या डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑईल घालायची जुनी सवय बीएस-सहा (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत बंद करा. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखात दहा भागांवर आलंय, सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी त्यावर बेतलेली आहे, तुमच्या ऑईलची राख तिथं साठते. निळ्या झाकणात घालतात ते युरियाचं पाणी डिझेलच्या टाकीत चुकूनही जाऊ देऊ नका.

आणि ज्यांची मोटारसायकल पावसाळ्यात महिनाभर घरी उभी राहते, त्यांनी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. टाकी मात्र भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा साठते. मेमध्ये मी वाटीचा स्क्रू पुन्हा सोडून घेणार आहे, पाऊस लागायच्या आधी.