हमीभावाचा कायदा की बाजाराचे स्वातंत्र्य? मराठवाड्यातील शेतकऱ्याने कोणत्या मागणीमागे उभे राहावे

मराठवाड्यात सोयाबीन, तूर आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी आज दोन मागण्या घेऊन कार्यकर्ते येतात. हमीभावाला कायद्याचे संरक्षण द्यावे, ही पहिली मागणी. सरकारने शेतमालाचा बाजार, बियाणे आणि जमिनीची मालकी यांतून हात काढून घ्यावा, ही दुसरी. दोन्हींच्या सभांना एकाच गावातली माणसे जातात आणि पुष्कळदा तहसीलदारांना दिलेल्या एकाच निवेदनात दोन्ही मागण्या ओळीने लिहिलेल्या असतात. माझ्या मते त्या एकत्र नांदू शकत नाहीत, आणि ज्याला यांतून एक निवडायची आहे त्याने प्रत्येकीची किंमत आधी नीट समजून घ्यायला हवी.

दुसऱ्या मागणीमागचा स्वातंत्र्यवादी विचार आपल्याकडे परका नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून तो शेतकऱ्याच्या बोलीत मांडला आणि १९८४ चे शेतकरी संघटनेचे अधिवेशन तर परभणीतच भरले होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेचा अर्थ असा होता की शेतकऱ्याचे दारिद्र्य मदतीअभावी आलेले नाही, सरकार भाव पाडते म्हणून आलेले आहे. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाच्या काळात बहुतेक शेतकरी नेते विरोधात असताना जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले, ते याच तर्काने. पुढे ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना आणि इक्रियर ही दिल्लीची संशोधन संस्था यांच्या २०१८ च्या अभ्यासातही हेच दिसले की २००० ते २०१६ या काळात निर्यातबंदी व बाजारनियंत्रणासारख्या धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याचे एकूण उत्पन्न दरवर्षी सरासरी १४ टक्क्यांनी घटले, आणि यात खत-विजेवरची सबसिडी जमेला धरलेली होती.

याचे जवळचे उदाहरण २०२१ चे आहे. त्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते, तर हमीभाव ३,९५० रुपये होता. कोंबडी-खाद्य उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आले. डिसेंबरमध्ये सेबी या बाजार नियामक संस्थेने सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले आणि ती बंदी पुढे वेळोवेळी वाढवली. म्हणजे ज्या वर्षी बाजाराने शेतकऱ्याला भरभरून दिले, त्याच वर्षी सरकारने ते काढून घेतले. मला सर्वांत अधिक खटकते ती गोष्ट अशी की जनुकीय सुधारित सोयाबीन पेरण्याची आपल्या शेतकऱ्याला मुभा नाही, पण परदेशी शेतकऱ्याने तेच बियाणे पेरून काढलेली पेंड मागवून त्याचा भाव पाडता येतो. तणनाशक-सहनशील कापसाच्या बाबतीतही हाच अन्याय आहे आणि त्याविरुद्ध शेतकरी संघटनेने २०१९ मध्ये उघडपणे सविनय कायदेभंग केला.

आता पहिल्या मागणीकडे वळू. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बहुतेक बाजार समित्यांत सौदे त्याच्या खूप खाली निघत होते. त्या वेळी सरकारी खरेदी केंद्र हाच ज्याचा आधार होता, त्याला बाजारस्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान सांगणे कठीण आहे. परंतु त्या केंद्रावर प्रत्यक्षात काय होते, तेही पाहिले पाहिजे. ऑनलाइन नोंदणी लागते, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद लागते, मग मेसेज येण्याची वाट पाहावी लागते. माल नेल्यावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर ट्रॉली परत फिरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा १५ टक्के केली, तोवर कितीतरी जणांनी आडतीवर माल घातलेला होता. त्यानंतर बारदाना संपतो आणि खरेदी थांबते. दिवाळीचा खर्च, रब्बीचे बी-खत आणि दुकानदाराची उधारी ज्याला ऑक्टोबरातच भागवायची असते, तो एवढे थांबूच शकत नाही. देशभरात हमीभावाने विकू शकणारे शेतकरी सुमारे ६ टक्केच आहेत, असे केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ च्या अहवालात नोंदवले होते.

कायद्याने हे बदलेल का? हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि ५० हजार रुपये दंड करण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१८ मध्ये घेतला, तेव्हा व्यापाऱ्यांनी सौदे काढायचेच थांबवले, अनेक बाजार समित्या ठप्प झाल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. भाव कायद्याने ठरवता येतो, पण घेणारा कायद्याने उभा करता येत नाही. मग उरलेला सगळा माल सरकारने घ्यायचा, हा एकच मार्ग राहतो, आणि त्याचा अनुभव मराठवाड्याने कापूस एकाधिकार खरेदीत १९७२ पासून तीस वर्षे घेतलेला आहे. भाव पडलेल्या वर्षी ती हमी उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. पण तेजीच्या वर्षी शेजारच्या राज्यातल्या आदिलाबादेत जास्त भाव मिळत असताना सीमेवरच्या किनवटच्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला कापूस तिकडे नेणे हा गुन्हा ठरत होता.

म्हणून ज्याला थोडे थांबता येते, ज्याच्याकडे माल ठेवायला जागा किंवा गोदामाच्या पावतीवर कर्ज घेण्याची सोय आहे, त्याने बाजारस्वातंत्र्याच्या मागणीमागे उभे राहावे असे मी ठामपणे सांगेन. मात्र तिची पूर्ण किंमतही सांगतो. खुला व्यापार दोन्ही बाजूंनी खुला असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले ते सोयाबीन उत्पादकासाठी, आणि निर्यातबंदीला विरोध करणाऱ्याने या शुल्कालाही विरोध केला पाहिजे. आयात अडवा पण निर्यात मोकळी ठेवा, असे म्हणणाऱ्याला स्वातंत्र्य नको आहे, त्याला आपल्या बाजूचे सरकार हवे आहे. ज्याला जागतिक मंदीचे वर्ष सोसवणार नाही, त्याने या विचाराकडे केवळ तेजीच्या आशेने येऊ नये.

ज्याची जमीन दोन-तीन एकर आहे आणि माल खळ्यावरूनच विकावा लागतो, त्याच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे. त्याला आज खरेदी केंद्र हवेच. पण कायदा मागण्यापेक्षा बाजारभाव आणि हमीभाव यांतील फरक थेट खात्यात मागणे त्याच्या अधिक हिताचे आहे, कारण त्यात माल अडून राहत नाही आणि व्यापारीही पळून जात नाही.

जमिनीच्या प्रश्नावर दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन हे तीन कायदे रद्द करा असे म्हणते, आणि कमाल जमीनधारणेचा (सीलिंग) कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकून न्यायालयात दाद मागण्याची वाट अडवली, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. आवश्यक वस्तू कायदा तर लहान-मोठ्या सर्वांनाच जाचतो, कारण व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा आली की त्याच दिवशी तुरीचा सौदा खाली येतो. परंतु मालकी हक्काची भाषा बोलणाऱ्यांनी गायरान, म्हणजे गावची सरकारी चराऊ जमीन, कसणाऱ्यांबद्दलही तितक्याच जोराने बोलायला हवे. मोकळ्या जमिनीत माणूस श्रम घालतो तेव्हा ती त्याची होते, हा जॉन लॉकचा विचार स्वातंत्र्यवादाच्या मुळाशी आहे. त्या न्यायाने दगड वेचून, बांध घालून गायरान कसणारे दलित आणि भूमिहीन कुटुंब हे मराठवाड्यातले सर्वांत अस्सल मालक ठरते. आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या भूमी सत्याग्रहापासून ही मागणी उभी आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, आणि तरीही अनेकांचे नाव सातबाऱ्यावर आजही मालक म्हणून लागलेले नाही.

पाण्याबाबत मात्र मी स्वातंत्र्यवाद्यांबरोबर जात नाही. जमीन माझी म्हणून तिच्याखालचे पाणीही माझे, हा नियम चालवला तर ज्याची बोअर खोल त्याचा ऊस उभा राहतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या टंचाईला केवळ पावसाची तूट कारणीभूत नव्हती. भूगर्भातल्या पाण्याला बांध घालता येत नाही, त्यामुळे तेथे कुणाचे किती हे गावाने मिळून ठरवावे लागेल, आणि तो निर्णय पाळला जावा यासाठी सरकारचा कायदाही लागेल.