‘घोस्टीन’ची डबल एलपी: इंदूरच्या उन्हाळ्यात, रात्री, क्रमाने

ऑस्ट्रेलियन गायक-गीतकार निक केव्ह आणि त्याचा बँड द बॅड सीड्स यांच्या ‘घोस्टीन’ या अल्बमची दोन रेकॉर्डची एलपी घ्यावी का? घ्यावी, पण घरचा रेकॉर्ड प्लेअर नीट लावलेला असेल तरच. नाहीतर सरळ सीडी घ्यावी आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत. इतकं रोखठोक सांगण्याचं कारण या संगीतातच आहे. ६८ मिनिटांच्या या कामात ड्रम जवळजवळ नाहीतच. बँडमधला केव्हचा साथीदार वॉरन एलिसचे सिंथेसायझर आणि गोल गोल फिरत राहणारे लूप, पियानो, मागे समूहाचे गळे, आणि अगदी कानाशी येऊन गाणारा केव्ह. ताल नाही म्हणजे आडोसा नाही. एरवी ड्रमच्या ठोक्याखाली झाकली जाणारी टिकटिक आणि घरघर इथे उघडी पडते.

आपल्याकडे मात्र ही अडचण निम्मीच आहे. अमीर खाँसाहेबांच्या या शहरात अतिविलंबित ऐकलेले कान पुष्कळ आहेत. आलापीत बसलेल्या माणसाला ठेका कधी सुरू होतो याची घाई नसते, आणि तीच बैठक इथे लागते.

आधी काळाचा हिशेब नीट करून घ्यावा, कारण तिथेच ऐकणाऱ्यांची मोठी गफलत होते. केव्हचा १५ वर्षांचा मुलगा आर्थर जुलै २०१५ मध्ये ब्रायटनजवळच्या कड्यावरून पडून गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये बँडचा ‘स्केलेटन ट्री’ हा अल्बम आला आणि लोकांनी त्यातल्या ओळीओळीत मुलाचा मृत्यू शोधला. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक गाणी मुलगा जाण्याआधी लिहिलेली होती. रेकॉर्डिंग करताना काही शब्द बदलले गेले, तेवढेच. शोक आहे तो गळ्यात. आवाज थकलेला, कडा खरवडलेला, जे आधीच लिहून ठेवलं होतं तेच आता म्हणवत नाही असा. शब्दांना भविष्यवाणी ठरवण्यापेक्षा हे ऐकणं जास्त अवघड आहे आणि जास्त खरंही. पूर्णपणे मुलाच्या मागे घडलेला पहिला अल्बम ‘घोस्टीन’, ऑक्टोबर २०१९ चा. कुणाच्या कलेला कुणाचं दुःख चिकटवताना तारखा पाहिल्याच पाहिजेत.

म्हणून क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी ‘स्केलेटन ट्री’च्या रेकॉर्डिंगच्या दिवसांवरचा, अँड्रू डॉमिनिकने दिग्दर्शित केलेला ‘वन मोअर टाइम विथ फीलिंग’ हा माहितीपट, मग एखाद्या दिवसाची फट ठेवून ‘स्केलेटन ट्री’, आणि त्यानंतर ‘घोस्टीन’. चित्रपट पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे. बहुतांश कृष्णधवल, थ्रीडीत चित्रित केलेला. पत्रकारांसमोर बसून तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागू नये म्हणून केव्हने हा मार्ग काढला. घरच्या टीव्हीवर थ्रीडीची खोली जाते, स्टुडिओतून तरंगत फिरणारा कॅमेरा थोडा सपाट वाटतो, पण मुख्य काही हरवत नाही. त्याची पत्नी सूझी एक चित्र दाखवते तो प्रसंग नीट पाहावा. आर्थरने पाचेक वर्षांचा असताना काढलेली पवनचक्की. तो पुढे जिथून पडला त्याच्या जवळचीच. चित्राला काळी चौकट केलेली आहे आणि त्या चौकटीचं आता तिला भय वाटतं. कुठे रडारड नाही, वर संगीत ओतलेलं नाही. हातातली एक वस्तू आणि तिच्याबद्दल जपून बोलणारी आई. शोकावरच्या चित्रपटांत इतकं संयमित फार कमी सापडतं.

श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. तिथे आर्थर आणि त्याचा जुळा भाऊ अर्ल यांचं गाणं आहे. टीव्हीवरची बरीच अॅप नावं सुरू होताच चित्र कोपऱ्यात ढकलतात आणि पुढचा कार्यक्रम लावतात. ‘ऑटोप्ले’ आधीच बंद करून ठेवलं नाही, तर नेमका तोच आवाज कापला जातो.

आता ‘घोस्टीन’. दोन भाग आहेत. केव्हच्या सांगण्यानुसार पहिल्या भागातली ८ गाणी ही मुलं, आणि दुसऱ्या भागातली त्यांचे आईबाप. दुसऱ्या भागात दोन लांब गाणी, १२ आणि १४ मिनिटांची, आणि त्यांच्यामध्ये एक छोटा बोललेला तुकडा. मुखपृष्ठावर घोडा, कोकरू, पक्षी, प्रकाशात न्हालेलं रान. पाहिल्यावर जुन्या कॅलेंडरची आठवण येते, आणि काहींना ते भडक वाटतं. आमचं मत उलट आहे. मुलाला चांगल्या जागी ठेवायचं तर बाप असलीच जागा कल्पील.

खरा ऐवज शेवटी आहे, ‘हॉलिवूड’मध्ये. खाली एक खर्जाचा ठोका धपापत राहतो, माणूस समुद्राकडे गाडी चालवत निघालेला. बराच वेळ काहीच उलगडत नाही. मग आवाज एकदम वरच्या पट्टीत चढतो, जवळजवळ बाईचा होतो, आणि किसा गोतमीची गोष्ट सुरू होते. मेलेलं बाळ घेऊन फिरणारी आई, बुद्धाने मागितलेली मोहरी, ज्या घरात कुणी मेलं नाही अशाच घरातली. परदेशी श्रोत्यांना ही गोष्ट समजावून द्यावी लागते. आपल्याकडे महूपासून इंदूरपर्यंत कितीतरी बौद्ध घरांत ती पोरांना पाठ असते, आणि बाकीच्यांनी ती शाळेच्या पुस्तकात नाहीतर कीर्तनात कधी ना कधी ऐकलेली असते. त्यामुळे आपला कान शेवटाकडे नसतो. शेवट ठाऊकच आहे. कान राहतो तो तिच्या दारोदार फिरण्याकडे. बोध केव्ह तिच्याच तोंडून एका ओळीत उरकतो: प्रत्येकाचं कुणी ना कुणी जातच असतं. एकही दाणा मिळत नाही, ती गावच्या चौकात बसून रडते, बाळाला रानात पुरते, आणि गाणारा अजून वाटच पाहतोय. बुद्धाच्या गोष्टीत गोतमीला वाट सापडते. इथे बापाला सापडलेली नाही, आणि ते लपवलेलं नाही, म्हणून हे गाणं मोठं.

हा खर्ज ब्लूटूथच्या छोट्या डब्यावर नाहीसाच होतो. डबा बाजूला ठेवावा आणि घरात जे असतील त्यांतले बरे हेडफोन वापरावेत. स्पीकर लावणार असाल तर रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर एका टेबलावर ठेवू नका. खर्जाची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोचते, सुई ती पुन्हा स्पीकरला देते आणि घुमारा वाढत जातो. प्लेअरखाली कोटा स्टोनचा जाड तुकडा, त्याखाली रबराचे चार पाय, एवढ्याने बहुतेक घरांत काम होतं. एकसारखी गुणगुण येत असेल तर ती विजेच्या ५० हर्ट्झची. प्लेअरची अर्थिंगची तार फोनो स्टेजच्या (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डबीच्या) स्क्रूला घट्ट बसली आहे का, ते आधी बघा.

केव्हचा ‘स’ फुसफुसतो अशी तक्रार असते. दोष बहुधा सुईच्या वजनाचा. रेकॉर्ड झिजेल या भीतीने लोक वजन कमी ठेवतात. हलकी सुई खाचेत बसत नाही, उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई ज्यात बसते तो भाग, त्याचा नेहमीचा प्रकार) बहुतेक १.८ ते २ ग्रॅम लागतात. बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाहा आणि छोट्या काट्यावर तोलून घ्या.

आणखी एक शंका हमखास येते: सूर लहरतोय, प्लेअर बिघडला का? या अल्बमच्या सिंथचा सूर मुळातच थोडा झुलतो. तोच तुकडा मोबाइलवर लावून पाहा. तिथेही तसाच झुलत असेल तर निश्चिंत राहा. रेकॉर्डवरच झुलत असेल आणि बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल, तर बहुधा मधलं भोक केंद्रातून सरकलेलं आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. अशी रेकॉर्ड बदलूनच घ्यावी.

नवी रेकॉर्डसुद्धा पहिल्यांदा लावण्याआधी पुसावी. पाकिटातल्या कागदाची धूळ खाचांत असते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ मायक्रोफायबर, खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत रेकॉर्डवर वीज साठते, धूळ ओढली जाते आणि पियानोवर चटचट ऐकू येते. दर वेळी सुई ठेवण्याआधी कार्बन ब्रश फिरवावा. पावसाळ्यात उलट, कागदी पाकिटाला बुरशी धरते. आतली पाकिटं प्लास्टिकची घ्यावीत. रेकॉर्ड उभीच ठेवावी. दुपारी बंद गाडीत विसरलात तर ती वाकलीच म्हणून समजा.

वेळ रात्रीची. ‘शब-ए-मालवा’, मालव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत, दहानंतर हवा उतरते आणि कूलर बंद करता येतो. कूलरच्या घोंघाटात तो बोललेला तुकडा पूर्ण बुडतो. आवाज समोरच्या माणसाच्या बोलण्याइतका, त्याहून मोठा नको. मोबाइलवर ऐकणार असाल तर शफल (गाण्यांचा क्रम बदलणारं), क्रॉसफेड (एका गाण्यात पुढचं मिसळणारं) आणि ऑटोप्ले तिन्ही बंद ठेवा.

एका बाबतीत सांभाळा. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय, त्यांना हा संच भेट म्हणून नेऊ नका. लेकरू गेलेल्या आईबापांसमोर ‘हॉलिवूड’ न सांगता तर मुळीच लावू नका. त्यांनी विचारलं तर गोष्ट किसा गोतमीची आहे हे आधी सांगा आणि दुसरी रेकॉर्ड पाकिटातच राहू द्या. पहिल्या भागातलं ‘वेटिंग फॉर यू’ पुरे. ते छोटं आहे, सुरेल आहे आणि समजावत काही नाही.

शेवटच्या बाजूवर ‘हॉलिवूड’ एकटंच आहे. साध्या, हाताने चालवायच्या प्लेअरवर गाणं संपलं की सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहते, १.८ सेकंदांनी एकेक टक. सुई झिजते, म्हणून उचलायला हवी. कोण उचलणार ते आधी ठरवून त्यालाच प्लेअरजवळ बसवा. त्या क्षणी बाकी कुणी उठत नाही.