कॅननची ५० एमएम एफ १.८ लेन्स: घरच्या लेकरांचे फोटो काढायला कशी आहे

घरात दोन लेकरं, मोठा चार वर्षांचा, छोटी दीडची, दोघंही दोन सेकंद एका जागी टिकत नाहीत. छोटीच्या पहिल्या वाढदिवसाला एका स्टुडिओत नेलं होतं, तिथल्या फ्लॅशला घाबरून ती जी रडायला लागली ती घरी येईपर्यंत, सगळ्या फोटोंत नाक लाल. तेव्हाच ठरवलं, आता आपणच काढायचे.

कॅमेरा होताच, कॅनन १५००डी, सोबतची १८-५५ एमएम झूम लेन्स. पण घरात ती लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), मग शटर १/३० सेकंदाला येतं आणि पळणारं पोट्टं म्हणजे नुसता पुसट पट्टा. त्यात आपल्या नागपुरात मार्च संपला की खिडकीत कूलर बसतो, खसच्या ताट्या लागतात, म्हणजे जो काय उजेड यायचा तोही गेला. म्हणून सीताबर्डीतून ही ५० एमएम एसटीएम (स्टेपिंग मोटरवाली) सेकंड हँड घेतली. आता काही महिने झाले, रोज वापरते.

फरक लय मोठा आहे. ५.६ च्या जागी १.८ म्हणजे जवळपास दहापट उजेड आत येतो, तेवढ्याच आयएसओला (म्हणजे सेन्सरच्या उजेड टिपायच्या सेटिंगला) १/३० चं शटर थेट १/३०० वर जातं. लेकरू बसून खेळत असेल तर १/२५० पुरतं, पळत असेल तर मी १/५०० च्या खाली जात नाही. फ्लॅश लागतच नाही, त्यामुळे छोटीला आपला फोटो निघून राहिला हे कळतही नाही. वजन १६० ग्रॅम, एका कडेवर पोरगी आणि दुसऱ्या हातात कॅमेरा असं चालतं.

आता सांभाळायच्या गोष्टी. १.८ वर एक मीटरवरून काढला तर जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर भाग शार्प येतो, मान जरा वळली की एक डोळा शार्प अन् दुसरा गेला. सुरुवातीचे माझे कितीतरी फोटो असे गेले, कान एकदम स्पष्ट आणि चेहरा नाही. फोकसचा पॉइंट आपण स्वतः जवळच्या डोळ्यावर ठेवायचा, आणि दोघं सोबत असतील तर दोन पावलं मागे जाऊन एफ ४. या बॉडीचा सेन्सर छोटा, त्यामुळे ती ८० एमएमसारखी, म्हणजे झूम केल्यासारखी दिसते अन् छोट्या खोलीत पूर्ण लेकरू मावत नाही, पाठ भिंतीला टेकवून बसावं लागतं. आणि ३५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही, आमची छोटी तर थेट काचेलाच हात लावते, संत्रा बर्फीचा हात! काच वाचवायला ४९ एमएमचा फिल्टर आधी लावा, मग कॅमेरा लेकरांसमोर आणा.

बाकी लेन्स कोणतीही घ्या, उभं राहून काढू नका. फरशीवर पालथं पडा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला या. आणि "इकडे बघ, हस" म्हणणं मी पूर्ण बंद केलंय, कारण मोठा ते ऐकलं की सगळे दात दाखवून डोळे मिटून घेतो, तो त्याचा चेहराच नाही. त्याला काहीतरी करू द्यायचं अन् वाट पाहायची. अंबाझरी तलावावर न्यायचं तर सकाळी आठच्या आत, नंतरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात.

माझा सगळ्यात आवडता फोटो तान्ह्या पोळ्याचा आहे. मोठा धोतर-फेटा घालून लाकडी नंदी ओढत गल्लीत घरोघरी फिरून आला, फेटा पार कानावर, पायरीवर बसून बोजाऱ्याचे (सणाला घरोघरी मिळणारे) पैसे मोजत होता. मी समोर रस्त्यावर मांडी घालून बसले होते, एफ २.८, संध्याकाळचा उजेड. नाण्याला चिकटलेलं कुंकू तो नखाने खरवडून राहिला होता आणि जिभेचं टोक बाहेर. त्याच्या आजीने तो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

पाचपैकी साडेचार. खोली फारच छोटी असेल तर आधी १८-५५ लेन्स ५० वर ठेवून दोन दिवस काढून बघा, तेवढ्यात तुमचं लेकरू मावतं का ते कळेल, मगच घ्या.